कोऱ्या गोलांचा हिशेब

शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल लागला, की नाशिकमध्ये शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर तालुक्यांची तुलना सुरू होते. कुठला तालुका वर गेला, कुठला घसरला, जिल्हा परिषदेच्या शाळा कुठे आहेत, आश्रमशाळा कुठे आहेत, मुली पुढे की मुलगे. सीईटी आणि नीटच्या निकालानंतर हेच पुन्हा होतं. या सगळ्या बोलण्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: दोन गटांच्या गुणांत जेवढं अंतर, तेवढंच त्यांच्या अभ्यासात अंतर. चार पर्यायांतून एक निवडण्याच्या परीक्षेत हे गृहीतक टिकत नाही. उत्तर येत नसताना गोल रंगवायचा की कोरा सोडायचा, या एका निर्णयावर गटांमधलं अंतर वाढतं किंवा आटतं. आणि हा निर्णय सगळी मुलं सारख्या रीतीने घेत नाहीत.

म्हणून माझी मागणी अशी आहे, की परीक्षा घेणाऱ्या प्रत्येक यंत्रणेने गुणांबरोबरच कोऱ्या सोडलेल्या प्रश्नांची संख्याही गटवार जाहीर करावी. तोवर तालुक्यांची, मुलामुलींची, आश्रमशाळा आणि शहरी शाळांची जी तुलना आपण करतो, तिच्या आधारावर कुणाच्या गुणवत्तेवर शिक्का मारू नये.

आधी साधं गणित पाहू. १०० प्रश्नांची परीक्षा, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, चुकीला दंड नाही. एका गटातल्या मुलांना सरासरी ६० प्रश्न खरोखर येतात, दुसऱ्या गटातल्या मुलांना ४०. खरं अंतर २० चं. पहिल्या गटाने उरलेले ४० प्रश्न अंदाजाने सोडवले तर त्यातले सरासरी १० बरोबर येतील, गुण होतील ७०. दुसऱ्या गटाने उरलेले ६० अंदाजाने सोडवले तर १५ बरोबर, गुण ५५. अंतर उरलं १५. म्हणजे सगळ्यांनी ठोकून दिलं, की खरं अंतर झाकलं जातं. आता समजा, दुसऱ्या गटाला कुणी सांगितलंच नाही की इथे काहीही कोरं ठेवायचं नसतं. त्यांनी न येणारे ६० प्रश्न सोडून दिले. त्यांचे गुण ४०, पहिल्या गटाचे ७०, अंतर ३०. मुलं तीच, प्रश्नपत्रिका तीच, ज्ञान तेच. अंतर एकदा १५ दिसलं, एकदा ३०, आणि खरं २० दोन्ही वेळा दिसलं नाही.

हे उदाहरण टोकाचं आहे, प्रत्यक्षात सरसकट ६० प्रश्न कुणी कोरे सोडत नाही. पण खोट काय आहे ते यातून नीट कळतं. इगतपुरी आणि सिन्नरचा पाऊस मोजायचा आणि एका ठिकाणच्या पर्जन्यमापकाला बारीक भोक असावं, तसं हे आहे: आकडे दोन्हीकडून येतात, पण ते एकमेकांशेजारी लिहिण्यात अर्थ नसतो.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा, कारण अंदाजाच्या चर्चेत तो नेहमी निसटतो. अंदाजात नशीब असतं आणि अंदाजात सवयही असते. नशिबाचा फटका एकेका मुलाला बसतो. २० प्रश्न डोळे मिटून सोडवले तर सरासरी ५ बरोबर येतात, पण दहातल्या एखाद्याचे ८ किंवा त्याहून जास्त येतात आणि साधारण अकरातल्या एखाद्याचे २ किंवा त्याहूनही कमी. शिष्यवृत्तीत प्रत्येक प्रश्नाला दोन गुण आहेत, म्हणजे सारखंच ज्ञान असलेल्या दोन मुलांत निव्वळ योगायोगाने बारा गुणांचं अंतर पडू शकतं. हे दुःखद आहे, पण हजारो मुलांची सरासरी काढली की हे वर-खाली होणं एकमेकांत जिरून जातं. सवय मात्र जिरत नाही. एका गटातल्या मुलांना कोरं न सोडण्याची सवय असेल आणि दुसऱ्या गटातल्यांना नसेल, तर कितीही मुलांची सरासरी काढा, फरक तसाच राहतो. गटांच्या तुलनेला नशिबापेक्षा सवयीचा धोका मोठा आहे, आणि आपण मात्र रागावतो ते नशिबावर.

ही सवय कशी दिसते, ते सांगते. सराव परीक्षांच्या उत्तरपत्रिका तपासायला मी अधूनमधून जाते. शिष्यवृत्तीचा एक पेपर ७५ प्रश्नांचा, १५० गुणांचा. गंगापूर रोडवरच्या एका क्लासमधल्या मुलाची ओएमआर शीट समोर होती. ती शेवटपर्यंत भरलेली. शेवटच्या बारा ओळींत तिसऱ्या पर्यायाचे गोल वरून खाली सलग काळे. वेळ संपत आल्यावर त्याने प्रश्न वाचणं थांबवलं आणि एकच रकाना भरत गेला, कारण त्याला तसं करायला शिकवलंय. दुसरी शीट पेठ तालुक्यातल्या एका आश्रमशाळेतल्या मुलीची. गोल नीटनेटके, एकही रेषेबाहेर नाही, मध्ये मध्ये कोऱ्या जागा, आणि ६३ व्या प्रश्नानंतर काहीच नाही. तिची प्रश्नपत्रिकाही सोबत होती. एका कोऱ्या सोडलेल्या प्रश्नाच्या दोन पर्यायांवर तिने पेन्सिलीने फुली मारली होती. म्हणजे चारांतले दोन तिने बरोबर ओळखून बाद केले होते. उरलेल्या दोघांत ठरेना, म्हणून तिने गोल रंगवलाच नाही. ज्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिच्याकडे होतं त्याचे तिला शून्य गुण. आणि ज्या बारा प्रश्नांकडे त्या मुलाने पाहिलंही नाही, त्यांतून तशी रीत पाळणाऱ्या मुलाला सरासरी सहा गुण मिळतात.

या दोन मुलांच्या गुणांची वजाबाकी करून आपण जो आकडा काढतो, त्याला आपण शैक्षणिक अंतर म्हणतो.

गोल कोरा राहण्याची कारणं तीन असतात. प्रश्न येत नाही, हे एक. दोन पर्यायांत अडकलं तरी चुकण्याच्या भीतीने धजावत नाही, हे दुसरं. आणि तिसरं, त्या प्रश्नापर्यंत पोहोचताच आलं नाही. घरी कोकणा किंवा वारली बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीतला लांबलचक प्रश्न वाचायलाच जास्त वेळ लागतो. शहरातलं मूल एकदा वाचतं तिथे ते दोनदा वाचतं. शेवटचे दहा प्रश्न त्याच्या वाट्याला येतच नाहीत. गुणपत्रिकेवर ही तिन्ही कारणं एकाच शून्यात जमा होतात. उपाय मात्र तिन्हींवर वेगवेगळे आहेत.

न धजावण्याची मुळं आपल्या वर्गांतच आहेत. "येत नसेल तर सोडून दे, उगाच काहीतरी लिहू नकोस," हे वाक्य मी चांगल्या, प्रामाणिक, जीव तोडून शिकवणाऱ्या शिक्षकांच्या तोंडून ऐकलंय. त्यामागची भावना खरी आहे. अंदाजपंचे उत्तर देणं म्हणजे लबाडी, असं त्यांना मनापासून वाटतं, आणि लेखी उत्तराच्या परीक्षेत ते रास्तही आहे. पण पर्यायी प्रश्नांच्या परीक्षेचा नियमच वेगळा आहे. तिथे कोरी जागा म्हणजे प्रामाणिकपणाची नोंद नसते. तिथे ती फक्त गमावलेली संधी असते. खासगी क्लासवाल्यांना हे ठाऊक आहे आणि ते पहिल्याच आठवड्यात मुलांना सांगतात. ज्यांच्या पालकांना क्लासची फी परवडते, त्यांना परीक्षेचा खरा नियम कळतो. बाकीच्यांना परीक्षेच्या सूचनांतली वाक्यं तेवढी कळतात.

मुलींच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. चुकीचं उत्तर दिल्यावर वर्ग हसतो, ते मुलगा विसरून जातो. मुलीला घरीदारी आधीपासूनच जपून बोलायला, जपून वागायला शिकवलेलं असतं. ती खात्री असल्याशिवाय हात वर करत नाही. हीच मुलगी पुढे स्पर्धा परीक्षेला बसते आणि तिथे तिला निगेटिव्ह मार्किंग भेटतं.

अशोक स्तंभाच्या बाजूला ज्या अभ्यासिका आहेत, तिथे राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या दुसऱ्या दिवशी जाऊन उभं राहिलं तर पहिला प्रश्न 'पेपर कसा गेला' हा ऐकू येत नाही. पहिला प्रश्न असतो, "किती अटेम्प्ट?" एकजण सांगतो ब्याण्णव. दुसरी सांगते अठ्ठ्याहत्तर, आणि लगेच जोडते, "निगेटिव्हची भीती वाटली रे." दोघं एकाच टेबलावर बसतात, एकाच टेस्ट सिरीजला बसतात. त्या चौदा प्रश्नांतलं अंतर अभ्यासाचं किती आणि छातीचं किती, हे निकालातून कधीच कळत नाही.

आता या दंडाचा हिशेब पाहू. राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या पहिल्या पेपरला १०० प्रश्न, २०० गुण. एक उत्तर चुकलं की त्या प्रश्नाच्या गुणांचा एक चतुर्थांश, म्हणजे अर्धा गुण वजा. चार प्रश्न पूर्ण अंदाजाने सोडवले तर सरासरी एक बरोबर येणार, दोन गुण मिळाले. तीन चुकले, दीड गुण गेला. हातात अर्धा गुण उरला. म्हणजे काहीही माहीत नसतानाही उत्तर देणाऱ्याचा सरासरीने तोटा नाहीच, थोडा फायदा आहे. एक पर्याय बाद करता आला, तर तीन प्रश्नांमागे दोन गुण मिळतात आणि एक जातो, निव्वळ एक गुण हातात राहतो. त्या मुलीने सोडलेल्या चौदा प्रश्नांत प्रत्येकी एकेक पर्याय जरी तिला बाद करता येत असेल, तर सरासरी साडेचारहून अधिक गुण तिने टेबलावर सोडले. कट ऑफ अर्ध्या-एका गुणावर लागतो तिथे साडेचार गुण म्हणजे शेकडो क्रमांक.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत दंड एक तृतीयांश आहे. चार पर्यायांच्या प्रश्नाला तोच समतोल दंड: चार अंदाजांत दोन गुण मिळतात, दोनच जातात. नीटमध्ये बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला एक वजा; चार अंदाजांत चार मिळतात, तीन जातात. एमएचटी-सीईटीत दंडच नाही. म्हणजे सुरगाण्याहून पहाटेच्या एसटीने येऊन ठक्कर बाजारला उतरणारी बारावीची मुलगी काही आठवड्यांच्या अंतराने दोन परीक्षा देते आणि दोन्हींचे नियम वेगळे. तिला कुणी बसवून हा हिशेब समजावला नसेल, तर ती दोन्हीकडे एकच धोरण वापरणार: खात्री नाही, सोडून दे. दोन्हीकडे ते तिच्या विरुद्ध जाणार.

एक चतुर्थांश दंडाची पद्धत मला सगळ्यांत वाईट वाटते, याचं कारण हेच. हिशेब जाणणाऱ्याला ती अडवत नाही आणि न जाणणाऱ्याला घाबरवते. अंदाज रोखण्यासाठी ती आणली, पण प्रत्यक्षात ती काही लोकांचाच अंदाज रोखते. कुणाचा, तर भिणाऱ्यांचा.

हे माझं एकटीचं निरीक्षण नाही. दंडाचा फटका आत्मविश्वास कमी असलेल्या विद्यार्थ्यांना जास्त बसतो, हा मुद्दा अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी १९५४ सालीच मांडला होता. अलीकडच्या काळात कॅथरीन कॉफमन या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी प्रयोग करून दाखवलं, की दंड असेल तेव्हा सारखंच ज्ञान असलेल्या स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त प्रश्न सोडून देतात, आणि दंड नसेल तेव्हा हा फरक उरत नाही. त्याहून मोठा पुरावा चिली देशातून आला. तिथल्या विद्यापीठ प्रवेशाच्या राष्ट्रीय परीक्षेतून चुकीच्या उत्तराचा दंड काढून टाकला गेला. आधीची आणि नंतरची आकडेवारी तपासल्यावर दिसलं, की मुला-मुलींनी सोडलेल्या प्रश्नांमधली तफावत ७० टक्क्यांनी कमी झाली, आणि गुणांमधली तफावतही घटली, प्रामुख्याने हुशार विद्यार्थ्यांच्या गटात. हुशार मुलींच्या गटात हे घडावं, याला अर्थ आहे. अर्धं उत्तर माहीत असणारे प्रश्न त्यांच्याकडेच जास्त असतात, म्हणून कोरं सोडण्याचं नुकसानही त्यांचंच मोठं. अमेरिकेतल्या सॅट परीक्षेनेही २०१६ मध्ये चुकीच्या उत्तराचा दंड बंद केला.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. तुर्कस्तानच्या विद्यापीठ प्रवेश परीक्षेवर झालेल्या अभ्यासात मुली जास्त सावध असतात हे दिसलं, पण त्या सावधपणाचा अंतिम निकालावर परिणाम थोडाच होतो असंही दिसलं. म्हणजे परिणाम किती मोठा, हे प्रत्येक समाजात आणि प्रत्येक परीक्षेत वेगळं असू शकतं. आणि नेमकं म्हणूनच महाराष्ट्रात तो किती आहे, हे मोजायला हवं. चिलीवरून नाशिकचा निष्कर्ष काढू नये आणि तुर्कस्तानवरूनही काढू नये. आपल्याकडच्या कोऱ्या गोलांची गटवार मोजणी जाहीर होत नसेल, तर आपण या बाबतीत अंधारात आहोत.

अंदाजाबद्दल आणखी एक गोष्ट आहे, जी शिक्षकांनाही पटकन लक्षात येत नाही. समजा, प्रश्न आहे: ४ + ३ × २ = ? आणि पर्याय आहेत १४, १०, ९, २४. ज्या मुलाला काहीच येत नाही, ते डोळे मिटून गोल रंगवतं आणि चारांतून एकदा त्याचं उत्तर बरोबर येतं. ज्याला बेरीज-गुणाकार येतो पण गुणाकार आधी करायचा हे अजून पक्कं झालेलं नाही, ते डावीकडून सुरुवात करतं, ४ आणि ३ सात, साती दुणे चौदा, आणि पहिला पर्याय ठामपणे रंगवतं. त्याचं उत्तर दर वेळी चूक. म्हणजे अर्धं शिकलेल्या मुलांचा गट काहीच न शिकलेल्या मुलांपेक्षा या प्रश्नात मागे पडणार. प्रश्न काढणाऱ्याने १४ हा पर्याय मुद्दाम ठेवलेला असतो आणि तो ठेवणं चूकही नाही. परीक्षाशास्त्रात फ्रेडरिक लॉर्ड यांनी हे पूर्वीच दाखवून दिलंय, की कच्च्या विद्यार्थ्यांचे बरोबर येण्याचे प्रमाण चारांत एकाच्याही खाली जाऊ शकतं, कारण फसवा पर्याय त्यांना ओढतो. आता यावर निगेटिव्ह मार्किंग लावा. ज्या मुलाने अंदाज केलाच नाही, विचार करून उत्तर दिलं, त्यालाच अंदाज केल्याचा दंड. आणि ज्या तालुक्यात शिक्षकाच्या रिक्त जागेमुळे गणित अर्धंच शिकवलं गेलं, तो तालुका या प्रश्नात न शिकवलेल्या तालुक्यापेक्षा खाली.

एखादा प्रश्न एखाद्या गटावर अन्याय करतो का, हे तपासायची पद्धत आहे. एकूण गुण सारखे असलेली दोन गटांतली मुलं घ्यायची आणि प्रश्नागणिक ताडून पाहायचं. मँटेल आणि हेन्झेल यांनी १९५९ साली रोगांच्या अभ्यासासाठी शोधलेलं सूत्र १९८० च्या दशकात यासाठी वापरात आलं. पण अवघड प्रश्नांत दोन्ही गटांतली कच्ची मुलं अंदाजावरच चालतात, त्यामुळे तिथला भेदभाव या चाचणीतही फिका दिसतो. कोऱ्या जागा 'चूक' म्हणून मोजल्या तर आणखी गोंधळ. थोडक्यात, तज्ज्ञांच्या हातातही कोऱ्या आणि अंदाजाच्या उत्तरांचा वेगळा हिशेब असल्याशिवाय हे हत्यार बोथटच राहतं.

आता यातून निघणारा, मला सर्वांत जास्त सतावणारा धोका. दुसऱ्या गटाचं ते उदाहरण पुन्हा घ्या. ४० प्रश्न येणारी, बाकी कोरं सोडणारी मुलं. पुढच्या वर्षी कुणी अधिकारी आले आणि त्यांनी एक दिवसाचं प्रशिक्षण घेऊन सांगितलं, की एकही गोल रिकामा राहता कामा नये. मुलांचे गुण ४० वरून ५५ वर गेले. अक्षरसुद्धा नवं शिकवलेलं नाही. बातमी येईल, तालुक्याने पंधरा टक्क्यांची झेप घेतली. त्या अधिकाऱ्यांचा सत्कार होईल. पुढच्या वर्षी, शिकवण्यात खरी मेहनत घेऊनही दोन-तीनच गुण वाढले, तर शिक्षकांना कारणे दाखवा नोटीस निघेल. गुण वाढले ते कशाने वाढले, हे कोऱ्या गोलांच्या आकड्याशिवाय ओळखता येत नाही. मुलांना सगळं भरायला शिकवू नये, असं माझं म्हणणं अजिबात नाही. शिकवलंच पाहिजे, सगळ्यांना, उघडपणे. पण त्या वाढीला शिकणं म्हणू नये.

दंड काढून टाकला तर नशिबाला मोकळं रान मिळेल, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो पोकळ नाही. पोलीस शिपाई भरतीची लेखी परीक्षा पाहा. १०० प्रश्न, ९० मिनिटं, दंड नाही, पात्र ठरायला किमान ४० टक्के. ज्या उमेदवाराला २० प्रश्न येतात आणि जो उरलेले ८० ठोकून देतो, तो सरासरीने चाळीसला पोहोचतो. ज्याला ३५ येतात आणि जो बाकीचे कोरे सोडतो, तो नापास. पण या उदाहरणात अन्याय नक्की कुठे झाला? वीसवाल्याने अंदाज केला म्हणून नाही. पस्तीसवाल्याने केला नाही म्हणून. दोघांनीही सगळं भरलं असतं तर वीसवाला चाळीसवर आणि पस्तीसवाला एक्कावनवर असता, आणि दोघांतला खरा क्रम शाबूत राहिला असता. गोल्फ क्लबच्या मैदानावर पहाटे धावण्याचा सराव करणारी जी मुलं-मुली आहेत, त्यांच्यातल्या कित्येकांना धावण्याच्या सेकंदांचा हिशेब तोंडपाठ असतो. हा दुसरा हिशेब त्यांच्यापर्यंत कुणी पोहोचवत नाही.

आणि सगळ्यांनी सगळं भरलं, की आणखी एक सोय होते: उलटा हिशेब करता येतो. गटाची सरासरी ७० असेल, तर त्यातून २५ वजा करून पाऊणने भागलं की ६० मिळतात. ५५ चे ४० मिळतात. पहिल्या उदाहरणातलं खरं २० चं अंतर पुन्हा हाती येतं. हा अंदाजच आहे, फसव्या पर्यायांमुळे तो थोडा चुकेल, पण दोन्ही गटांना एकच माप लागेल. काही मुलांनी भरलंय आणि काहींनी सोडलंय, अशा मिश्रणावर हा उलटा हिशेब चालत नाही. म्हणून माझा कौल स्पष्ट आहे. निदान शाळकरी मुलांच्या आणि प्रवेशाच्या परीक्षांत दंड नको, आणि सगळं भरा ही सूचना पर्यवेक्षकाने वर्गात मोठ्याने वाचून दाखवावी. शिष्यवृत्तीत दंड नाहीच, पण 'दंड नाही' म्हणणं आणि 'एकही प्रश्न कोरा ठेवू नका' म्हणणं यांत दहा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने फार फरक आहे.

राजस्थानच्या लोकसेवा आयोगाने पाचवा पर्याय आणला आहे. प्रश्न सोडायचा असेल तर उमेदवाराने 'अनुत्तरित' असा पाचवा गोल रंगवायचा. काहीच रंगवलं नाही तर एक तृतीयांश गुण वजा. ओएमआरवर मागाहून कुणी गोल भरू नये, हा त्यामागचा उद्देश. हा दंड मला मान्य नाही, कारण वेळ न पुरलेल्या उमेदवाराला तो आणखी मारतो. पण दंड वगळून पाहिलं तर त्यात एक मोलाची गोष्ट आहे: न धजावलेला उमेदवार आणि न पोहोचलेला उमेदवार यांत कागदावर फरक दिसतो. आपल्याकडे निदान सराव परीक्षांत हे करून पाहायला काय हरकत आहे?

काही कामांसाठी तर पर्याय मुळीच नकोत. मूल वाचू शकतं का, हे कळायला 'असर' या शैक्षणिक पाहणीचे कार्यकर्ते २००५ पासून खेड्यांत घरोघरी जाऊन मुलासमोर उतारा धरतात आणि ते वाचून दाखवायला सांगतात. तिथे ठोकून देता येत नाही. भागाकार येतो की नाही, ते वहीवर दिसतं. दुसरीकडे राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणं पर्यायी प्रश्नांवर चालतात. २०२१ च्या अशा सर्वेक्षणानंतर जिल्हावार अहवाल निघाले, आणि जिल्हे एकमेकांशी तोलले गेले. दोन्ही पाहण्या एकच गोष्ट मोजतात असं समजून त्यांचे आकडे भांडवायचे, ही आपली जुनी सवय सोडायला हवी. मुलाला काय येतं हे हवं असेल, तर त्याला करून दाखवायला सांगा. निवड करायची असेल आणि लाखो अर्ज असतील, तर पर्याय अपरिहार्य आहेत, मग निदान नियम सगळ्यांना सारखा कळू द्या.

यासाठी नवी समिती लागत नाही. ओएमआर तपासणारं यंत्र कोरा गोल ओळखतं, संगणकावरच्या परीक्षेत तर कुठला प्रश्न उघडला, कुठला उघडलाच नाही, हेही नोंदवता येतं. राज्य परीक्षा परिषद, सीईटी कक्ष आणि लोकसेवा आयोग यांनी निकालासोबत तीन रकाने वाढवावेत: सरासरी किती प्रश्न कोरे, त्यांतले किती पेपरच्या शेवटी सलग, आणि चुकीची उत्तरं किती. हे तालुकावार, माध्यमवार, मुलगे-मुली, शाळेच्या प्रकारानुसार द्यावं. कुणा एका मुलाचं नाव त्यात येत नाही.

सुरुवात करायला नाशिकइतकी सोयीची जागा दुसरी नाही. आदिवासी विकास आयुक्तालय इथेच आहे. पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या तालुक्यांतल्या आश्रमशाळांच्या सराव परीक्षांपासून ही मोजणी करता येईल. एखाद्या शाळेत चुकीची उत्तरं कमी आणि कोरे गोल मध्ये मध्ये विखुरलेले असतील, तर तिथल्या मुलांना एका शनिवारी बसवून नियम समजावला की पुरे. कोऱ्या जागा सगळ्या शेवटी असतील, तर वाचनाच्या वेगावर आणि भाषेवर महिनोन् महिने काम करावं लागेल. आणि शीट पूर्ण भरलेली असूनही गुण पंचवीस टक्क्यांच्या आसपास असतील, तर तिथे शिकवणंच पोहोचलेलं नाही. मग रिक्त पदं भरणं, गणिताचा शिक्षक देणं याला पर्याय नाही. आज या तिन्ही शाळा निकालाच्या यादीत शेजारी शेजारी, एकाच टक्केवारीवर असू शकतात, आणि तिघींनाही एकच परिपत्रक जातं.